मानसिक आरोग्याच्या संस्थेशी कंपनीने हात कसा मिळवावा

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. सप्टेंबर सरत आला की हिंजवडी, खराडी, चाकणच्या कंपन्यांमधून पुण्यातल्या संस्थांना फोन जायला लागतात, ‘एक तासाचं व्याख्यान ठेवायचंय, कोणी येईल का?’ मीही पहिला फोन असाच केला होता. पलीकडच्या ताईंनी शांतपणे विचारलं, ‘व्याख्यान ऐकून एखादा माणूस दुसऱ्या दिवशी बोलायला आला, तर तो कोणाकडे जाईल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. या कामाची सुरुवात त्या प्रश्नापासूनच करावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

आधी ठरवा, मदत कोणासाठी

कंपनीतल्या माणसांसाठी की बाहेरच्या समाजासाठी? दोन्ही करता येतं, पण पैशाचे कप्पे वेगळे ठेवावे लागतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्यांना सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, लागू होतो, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. आरोग्यसेवा त्यात बसते, मानसिक आरोग्यही बसतं. पण फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेला समुपदेशक त्यात धरता येत नाही. तो खर्च एचआरच्या बजेटमधून करायचा. हे पहिल्याच बैठकीत अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवून स्पष्ट करून घ्या.

सीएसआर लागू नसलेला भोसरीतला छोटा कारखानदारही संस्थेला देणगी देऊ शकतो, जागा देऊ शकतो. त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

मग संस्था शोधा, आणि तिथे जाऊन बसा

‘मानसिक आरोग्य’ म्हटलं तरी प्रत्येक संस्थेचं काम निराळं असतं. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. कनेक्टिंग ही संस्था आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं ऐकून घेते. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही आधार देते. बापू ट्रस्टने वस्त्यांमध्ये जाऊन काम केलंय. तुमच्या प्लांटमध्ये पगाराच्या दुसऱ्या दिवशी गैरहजेरी वाढत असेल, तर ताणतणावाच्या व्याख्यानापेक्षा व्यसनावर काम करणाऱ्यांशी आधी बोला. आपली गरज ओळखून दार ठोठवावं. नाव मोठं आहे म्हणून नव्हे.

संस्थेला ऑफिसात बोलावून प्रेझेंटेशन मागण्याआधी स्वतः तिकडे जा. अर्धा दिवस काढा. रुग्णांच्या खोल्यांत, हेल्पलाइनच्या जागी डोकावायची परवानगी मागू नका. बाहेर बसून चहा घ्या, काम करणाऱ्यांशी बोला. समुपदेशक किती, त्यांच्या डोक्यावर मार्गदर्शन करणारं अनुभवी माणूस कोण, मनोविकारतज्ज्ञाकडे रुग्ण कधी पाठवतात, हे विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, तेवढी नक्की पाहा. प्रेमाने ऐकून घेणारा प्रशिक्षित स्वयंसेवक आणि उपचार करणारा तज्ज्ञ दोघंही मोलाचे, पण एकाचं काम दुसऱ्यावर टाकू नये.

कागदपत्रं

हे भराभर आटपतं. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकरातल्या सवलतीसाठीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. सीएसआरचा पैसा असेल तर संस्थेने सरकारकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळवलेला नोंदणी क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे. पैसा थेट परदेशातल्या मूळ कंपनीकडून येणार असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. चाकणच्या कितीतरी कंपन्यांना हा प्रश्न पडतो, तो शेवटच्या आठवड्यात पडू देऊ नका.

पैसा माणसांच्या पगाराला द्या

इथे मला थोडं ठासून सांगायचंय. कंपन्यांना खुर्च्या, संगणक, रंगकाम द्यायला आवडतं, कारण त्यावर पाटी लावता येते. पण या क्षेत्रात उपचाराचं साधन म्हणजे समोर बसलेलं माणूस. तीच समुपदेशक दोन वर्षं टिकली तर रुग्णाचा विश्वास टिकतो. ती पगारासाठी दुसरीकडे गेली, की त्याला आपली सगळी कहाणी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते. कितीतरी जण ती दुसऱ्यांदा सांगतच नाहीत.

‘कायद्यात व्यवस्थापन खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे’ असं बैठकीत कोणीतरी म्हणेलच. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. संस्थेतल्या समुपदेशकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो. करार एका वर्षाचा न करता तीन वर्षांचा करा. चालू प्रकल्प म्हणून तशी तरतूद नियमांत आहे. आणि दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकणाऱ्यांनाही कोणीतरी ऐकणारं लागतं. त्या मार्गदर्शनाच्या तासांचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे मांडा.

गुप्ततेचं आधी लिहून घ्या

आमच्याकडून एक चूक झाली. कर्मचाऱ्यांच्या समुपदेशनासाठी संस्थेशी बोलणं झालं आणि मासिक अहवालाचा तक्ता मीच बनवला. रकाने होते: विभाग, शिफ्ट, वय, स्त्री-पुरुष, समस्येचं स्वरूप. नाव कुठेच नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. संस्थेच्या समुपदेशकाने पेन्सिलने एका ओळीवर गोल केला: पेंट शॉप, रात्रपाळी, स्त्री. ‘मॅडम, या शिफ्टला तिथे बायका किती?’ दोघीच होत्या.

तो तक्ता तिथेच फाडला. आता आम्हाला महिन्याला एकच आकडा येतो: एकूण किती जण आले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं, त्यामुळे हा केवळ चांगुलपणाचा मामला नाही. करारात स्पष्ट लिहा की कंपनी कोणाचंही नाव, नोंद किंवा ओळख पटेल असा तपशील मागणार नाही. जिवाला धोका दिसला तर संस्थेने कोणाला कळवायचं, जवळचं कोणतं हॉस्पिटल गाठायचं, रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल, हेही त्याच कागदावर असू द्या.

कंपनीच्या आत

हेल्पलाइनचा नंबर गेटजवळच्या फलकावर लावला, तर तो टिपून घ्यायला कोणी थांबत नाही, कारण मागे सगळे उभे असतात. आम्ही तो स्वच्छतागृहाच्या दारांना आतून लावला. सोबत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबरही मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

सुपरवायझरांचं प्रशिक्षण मात्र गाजावाजा करून घ्या. ‘तुला काय होतंय एवढं?’ आणि ‘दोन-तीन दिवस गप्प दिसतोयस, चहा घ्यायला येतोस का?’ यांतला फरक त्यांना करून दाखवावा लागतो, सांगून कळत नाही.

बरे झालेल्या माणसाला मंचावर बोलवायचा मोह होतो. तो आपण होऊन तयार असेल तरच, आणि आयत्या वेळी नको म्हणाला तरी चालेल, हे त्याला आधीच सांगून. तसंच कर्मचाऱ्यांना उत्साहाच्या भरात हेल्पलाइनवर बसवू नका. त्याला रीतसर प्रशिक्षण लागतं. हिशोब लिहून देणं, वेबसाइट मराठीत करणं, कार्यशाळेला गाडी देणं, या मदतीची संस्थांना खरी निकड असते.

दर तीन महिन्यांनी भेटा, आलटून पालटून, एकदा तुमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. आणि पुढे मदत थांबवायची वेळ आली, तर किमान सहा महिने आधी सांगा. त्या पगारावर असलेल्या समुपदेशकाकडे तेव्हाही कोणीतरी दर गुरुवारी येत असेल, आणि त्याला पुढचा आधार जोडून द्यायला तिला तेवढा वेळ लागतो.