कारवानी कुत्र्याच्या धावेला वळण कसं लावायचं

कारवानी पाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकाच छापाची असते. घरात शहाणा, हाक मारली की शेपटी हलवत येतो, आणि माळावर ससा उठला की कान बंद. मग मालक घसा फोडून ओरडतो, कुत्रा तासाभराने धापा टाकत परततो आणि मार खातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा हट्ट नाही आणि बिघाडही नाही. मराठवाडा, सोलापूर, सांगली आणि पलीकडे मुधोळ, बागलकोटच्या माळांवर ही कुत्री पिढ्यान् पिढ्या एकाच गुणावर निवडली गेली. सावज डोळ्यांनी टिपायचं, हुकुमाची वाट न बघता सुटायचं आणि धावून गाठायचं. मालकाकडे वळून बघणाऱ्या कुत्र्याचा ससा तेवढ्यात निसटायचा, आणि अशा कुत्र्याची पिल्लं कुणी मागून नेत नसे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली म्हणून तिला मुधोळचं नाव मिळालं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर ती कॅरव्हान हाउंड आहे आणि 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. आपण तिला सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं तरी तिचे पाय आणि डोळे माळावरचेच राहतात.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. कुत्रं वन्यप्राण्यामागे सोडायचं नाही, ‘नुसतं पळवलं, मारलं नाही’ म्हणूनही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं, हाकणं आणि त्याचा प्रयत्न करणं हे सगळं येतं. ससा, चिंकारा, काळवीट, मोर सगळ्यांना हे लागू आहे. तेव्हा धाव दाबून टाकण्याचा नाद सोडा आणि तिला तुमच्या शब्दावर सुरू होणारी, तुमच्या हातात संपणारी जागा द्या.

सुटण्याआधीचे दोन सेकंद

कुत्र्याच्या शिकारीला ठरलेला क्रम असतो: दिसणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडून खाणं. माणसाने प्रत्येक जातीत यातले काही टप्पे वाढवले, काही पुसट केले. बॉर्डर कॉलीत रोखून बघणं आणि दबा धरणं प्रचंड, पकड कमी. धनगराच्या राखणीच्या कुत्र्यात पाठलागच जवळजवळ नको असतो, नाहीतर ते आपल्याच मेंढरांमागे लागेल. कारवानीत दिसणं आणि पाठलाग यांच्यामध्ये जेमतेम दोन सेकंद जातात, आणि तुमचं सगळं काम त्या दोन सेकंदांतलं आहे. धाव सुरू झाल्यावर कानावर काही पडत नाही.

म्हणून कुत्र्याचं तोंड बघायला शिका. चालताना ते अर्धवट उघडं, जीभ सैल असते. लांब काही हललं की तोंड मिटतं. मग मान वर ताठ होते, कान उभे किंवा मागे घट्ट होतात, एक पुढचा पाय अधांतरी राहतो. तोंड मिटलं तेव्हाच तुम्ही बोलायचं. पाय उचलला असेल तर उशीर होत आलाय. मागच्या पायांवर वजन गेलं असेल तर बोलू नका, दोरी धरा.

पट्टा आणि दोरी

कारवानीचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं, त्यामुळे साधा पट्टा उलटं चालल्यावर सहज निसटतो. 4 ते 5 सेंमी रुंदीचा मार्टिंगेल पट्टा घ्या, जो ओढल्यावर ठराविक मर्यादेपर्यंतच आवळतो. लांब दोरी मात्र पट्ट्याला कधीच बांधू नका. 10 मीटर मोकळ्या दोरीवर पूर्ण वेगात गेलेल्या कुत्र्याला मानेत हिसका बसला तर घशाला किंवा मणक्याला इजा होते. दोरी पाठीवर कडी असलेल्या हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला, लावायची. गुंडाळी होणारी पट्टीची लीश या जातीला नको: हातातून सुटली की प्लास्टिकची मूठ खडखडत मागे येते आणि कुत्रं घाबरून अजून जोरात पळतं.

शॉक देणाऱ्या पट्ट्याबद्दल आमचं मत ठाम आहे, वापरू नका. झटका बसतो त्या क्षणी कुत्र्याची नजर शेळीवर असेल किंवा सायकलवरच्या मुलावर. दुखलं ते त्यांच्यामुळे, असं ते धरून बसतं. मग पाठलागाच्या जागी चावा येतो, आणि तो निस्तरणं फार कठीण.

शिट्टी

हाक रोज पन्नास कारणांसाठी मारली जाते, म्हणून ती बोथट होते. तातडीसाठी वेगळी शिट्टी ठेवा. पहिले आठ-दहा दिवस घरातच: शिट्टी, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा मटणाच्या काळजाचा तुकडा. दिवसातून पाच वेळा, बस्स. कुत्र्याकडून काही करून घ्यायचं नाही. नंतर दुसऱ्या खोलीतून, मग गच्चीवरून, मग मैदानात लांब दोरीवर. अंघोळ घालायला, साखळी लावायला, घरी परतायला शिट्टी वाजवायची नाही. आल्यावर दरवेळी एकच नाही, ओळीने चार-पाच तुकडे द्या. एवढं केलं तरी ऐन पाठलागात शिट्टीवर कारवानी वळेलच असं समजू नका. ज्या माळावर ससे आहेत तिथे दोरी हातातच राहते.

बघू दे, मग वळू दे

हा सराव सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. शेळ्या किंवा कोंबड्या चरतात तिथून 60 ते 80 मीटरवर उभे राहा. कुत्र्याने बघितलं, तोंड मिटलं, की शांत आवाजात ‘हां’ म्हणा आणि तुकडा नाकाजवळ न्या. बघितल्याबद्दल रागवायचं नाही, उलट उभं राहून बघितल्याचंच बक्षीस द्यायचं. सहा-सात वेळा झालं की मागे फिरा आणि घरी जा. पाचपैकी चार वेळा कुत्रं आपणहून तुमच्याकडे वळलं, तरच पुढच्या दिवशी पाच मीटर जवळ जा. तुकडा तोंडात घेईना तर समजा की अंतर कमी पडलं. दहा-वीस मीटर मागे या. लोकांची चूक नेमकी इथे होते. चार दिवस छान गेले की पाचव्या दिवशी थेट कळपाशेजारी जातात, कुत्रं एकदा सुटतं आणि महिन्याची मेहनत वाया जाते, कारण पाठलाग हेच त्याचं सर्वांत मोठं बक्षीस आहे.

घरातल्या मांजराशी नीट राहणारं कुत्रं तेच मांजर अंगणात पळालं तर मागे लागू शकतं. घरची ओळख बाहेर चालत नाही. आणि दोन कारवानी एकत्र असतील तर एकाच्या धावण्याने दुसऱ्याला चेव येतो, तेव्हा सराव एकेकट्याने.

काठी, दोरी आणि चिंधी

धाव भागवायचं सगळ्यात सोपं साधन फ्लर्ट पोल. सव्वा मीटर लांबीचा पाऊण इंची पीव्हीसी पाइप घ्या, त्यातून 6 मिमीची नायलॉन दोरी ओवून खालच्या टोकाला मोठी गाठ मारा. वर अडीच ते तीन मीटर दोरी मोकळी ठेवा आणि टोकाला जुन्या टॉवेलची फुटभर चिंधी बांधा. रबरी दोरी नको, चिंधी सुटली तर थोबाडावर येते.

कुत्र्याला ‘थांब’ सांगून चिंधी जमिनीवर निपचित ठेवा. दोन सेकंद थांबलं की ‘घे’ म्हणा आणि चिंधी जमिनीलगत मोठ्या वर्तुळात ओढा. हवेत उडवू नका, उंच उडी मारून वाकडं उतरण्यात गुडघे जातात. तीन-चार फेऱ्यांनंतर चिंधी त्याला पकडू द्याच. पकडच मिळाली नाही तर ताण साचत जातो. लेझरच्या ठिपक्यामागे पळवलेली कुत्री पुढे सावल्यांमागे धावू लागतात ती याचमुळे. पकडली की दोरी सैल सोडा, ‘सोड’ म्हणा, तुकड्याशी अदलाबदल करा, पुन्हा ‘थांब’. पाच मिनिटं पुरे. वर्ष-सव्वा वर्षाच्या आतल्या पिल्लाला हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, त्याला सरळ रेषेत आणि हळू.

सायकलवरची सरळ धाव

कारवानीला खरं सुख सरळ, लांब धावेत आहे. अमेरिकेत 1972 पासून संघटितपणे लूअर कोर्सिंग चालतं. तिथे पुल्यांवरून फिरणाऱ्या दोरीला पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात आणि कुत्री त्यामागे पळतात. जुन्या सायकलवर त्याचा साधा प्रकार जमतो.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागचा टायर आणि ट्यूब काढा. रिमच्या खोबणीत 2 मिमीच्या विणलेल्या नायलॉन दोरीचं एक टोक आरीला पक्कं बांधा. 100 मीटर दोरी सरळ लांब नेऊन टोकाला पांढरी पिशवी बांधा. पुढच्या चक्राला 44 आणि फ्रीव्हीलला 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक साधारण अडीच वेळा फिरतं. मोठ्या 28 इंची सायकलच्या रिमचा घेर सुमारे 2 मीटर, म्हणजे फेऱ्याला जवळजवळ 5 मीटर दोरी ओढली जाते. सेकंदाला दोन फेरे मारले की पिशवी ताशी 35 किमीने पळते. कुत्रं याहून वेगवान आहे, म्हणून पिशवीला आधी दहा मीटरची आघाडी द्या.

तीन माणसं लागतात. एक सायकल घट्ट धरणारा, एक पायडल फिरवणारा, एक कुत्रं सोडणारा. पायडल फिरवणाऱ्याने जाड हातमोजे घालायचे आणि आऱ्यांजवळ कुणाचीही बोटं न्यायची नाहीत. पिशवी सायकलपासून 20 मीटरवर असतानाच फिरवणं थांबवा, नाहीतर वेगातलं कुत्रं चाकावर आदळतं. ताणलेल्या दोरीवर पाय घासला तर कातडी सुरीने कापल्यासारखी जाते, म्हणून धाव सरळच ठेवा, एका वेळी एकच कुत्रं, आणि दोन-तीन धावांवर थांबा.

जागा निवडताना आधी स्वतः चालून बघा. ज्वारी काढलेलं रान मोकळं दिसतं, पण तिथली धसकटं तळपायात आणि छातीत घुसतात. नांगरलेल्या ढेकळांत पाय मुरगळतात. डांबर आणि फरशी अजिबात नको. चराईने दबलेलं, बारीक गवताचं पडीक रान सर्वांत चांगलं, शक्यतो 6 फुटी कुंपणाचं. पाच फुटांची भिंत ही कुत्री सहज ओलांडतात.

धावेआधी आणि नंतर

आधी दहा मिनिटं चालवा. पोटभर खाण्यानंतर निदान दोन-तीन तास धाव नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी, सातच्या आत उरका. कुत्र्याचं तापमान एरवी 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, चाल झोकांड्या खाणारी दिसली तर सावलीत नेऊन आधी सगळं अंग साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला, आणि मगच डॉक्टरकडे निघा.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान तपासा. कुसळ आत रुतलं की दोन दिवसांत गाठ येते. कुत्रं त्याच जागी सारखं चाटत असेल तर तिथे कुसळ असण्याची शक्यता मोठी. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी लघवीचा रंगही बघा. जास्त ताणलेल्या स्नायूंची मोडतोड झाली की लघवी चहासारखी काळपट होते, पाठ आणि मांड्या हात लावताच दुखतात. असं दिसलं तर आराम देऊन वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण मूत्रपिंडावर परिणाम व्हायला एवढा वेळ पुरतो.