रानफुलांचे फोटो शिकायचेत? मग मे महिन्यात टेकडीवर जा

रानफुलांचे फोटो काढायला कधी सुरुवात करू असं बरेच जण विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोक्यात कास असतं, सप्टेंबरातलं. कास सुंदरच आहे, २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे चहूकडे इतकं फुललेलं असतं की नुसता रंग दिसतो, एकेक रोप दिसत नाही. त्यापेक्षा एप्रिल-मे मध्ये घराजवळची टेकडी धरा. गवत वाळलेलं असतं, बरीच झाडं निष्पर्ण, आणि फुलावर असतात ती मोजून दहा-पंधरा. तेवढी नीट ओळखायला एक उन्हाळा पुरतो. मी पुण्यात वेताळ टेकडीवर अशीच शिकले.

म्हणजे शिकले दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी मी बीएस्सीला होते, घरातला जुना डीएसएलआर घेऊन रोज सकाळी जायचे आणि मे संपेपर्यंत चारशेच्या वर फोटो जमले, सगळे फुलांचे क्लोजअप, मागचं सगळं मस्त धूसर. ते बॉटनीच्या सरांना दाखवले तर सर प्रत्येक फोटोला तेच विचारायला लागले, पानं समोरासमोर होती की एकाआड एक? देठ तोडल्यावर चीक आला का? फळ धरलं होतं का? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. शेवटी सर म्हणाले, "फुलं छान आलीयेत गं, पण यात झाड कुठाय?" घरी येऊन रडले होते खरं सांगायचं तर, पण त्या एका प्रश्नावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे.

कुड्याचं उदाहरण घ्या. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोन्ही उन्हाळ्यात फुलतात, दोघांची फुलं पांढरी, दोघांनाही पांढरा चीक, दोघांचीही पानं समोरासमोर. लांबून फोटो काढला तर कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध बारीक तंतूंची झालर असते, पांढऱ्यात ती नसते. आणि काळ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात, कोवळ्या असताना दोघींची टोकं एकमेकींना चिकटलेली, पांढऱ्याच्या मात्र सुट्ट्या लोंबतात. म्हणजे फुलाच्या आत डोकावणारा एक फोटो आणि शेंगेचा एक फोटो, एवढ्यावर प्रश्न मिटतो.

म्हणून आता मी एका झाडाचे कमीत कमी पाच फोटो घेते. आधी लांबून अख्खं झाड, मग फूल समोरून, फूल मागून (मागची हिरवी वाटी कशी आहे ते फार महत्त्वाचं, आणि नवीन लोक हाच फोटो हमखास विसरतात), पानं फांदीवर कशी लागलीयेत ते, आणि खोड किंवा फळ. एका फोटोत शेजारी रुपयाचं नाणं धरायचं म्हणजे आकार कळतो. आणि वास वहीत लिहायचा, तो कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही, करवंदाचं फूल ज्याने हुंगलंय त्याला कळेल मी काय म्हणतेय.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. मोबाईल चालतो, अगदी चालतो. पुण्यात मे मध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हापासून आठपर्यंत काम उरकायचं, नंतर सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि वाराही सुटतो. पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांना ऊन लागलं की पाकळ्यांवरच्या रेषा उडून जातात, बहाव्याचा नुसता पिवळा डाग येतो, म्हणून फुलावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा खाली ओढा. ऊन कडक असेल तर बटर पेपर मध्ये धरा, भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवला की दोन मिनिटांत डिफ्यूझर, म्हणजे ऊन मऊ करणारा पडदा, तयार. जमिनीलगतच्या फुलासाठी मोबाईल उलटा धरा, लेन्स खाली येते आणि फुलाच्या नजरेने फोटो मिळतो.

जमिनीलगत म्हटलं की माझी लाडकी भुईरिंगणी. सपाट पसरलेली, देठापानांवर पिवळट सरळ काटे, आणि त्या काट्यांत जांभळं फूल, मधे पिवळे परागकोश. हे परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक भोक असतं फक्त. एकदा मी पालथी पडून फोकस करत होते आणि मोठा काळा भुंगा आला, त्याने परागकोश मिठीत धरले आणि त्याच्या गुणगुणण्याचा आवाज एकदम बदलला, चढा झाला, अंग थरथरायला लागलं आणि टोकातून पिवळी पूड उडाली. मधमाशीला असं थरथरवता येत नाही. माझा फोटो हललेला आला कारण शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग एवढाच होता, हजाराव्या भागाहून जलद हवा होता, पण ते बघून मी उठले तेव्हा हात कापत होते माझे.

मेडशिंगीचं मात्र सकाळी जाऊन झाडावर फारसं काही मिळत नाही. तिची पांढरी कर्ण्यासारखी फुलं रात्री उमलतात, उजाडेपर्यंत बरीचशी खाली पडलेली असतात. मी आधी झाडाकडेच बघत बसायचे, आता खाली बघते, ताजं पडलेलं फूल उचलून पानाशेजारी ठेवते आणि वर लटकलेली वाकडी, मेंढ्याच्या शिंगासारखी शेंग वेगळी टिपते.

काही गोष्टी कळकळीने सांगते. फ्रेममध्ये येतात म्हणून शेजारची रोपं उपटू नका. गुडघा टेकण्याआधी पाचोळा काठीने हलवून बघा, घोणस तिथेच असते. चिकाचे हात डोळ्याला लावू नका. आणि दुर्मिळ काही सापडलं तर नेमकी जागा कुठेही टाकू नका, लोक कंद उकरून नेतात, हे मी स्वतः एका जागी नुसता खड्डा बघून शिकलेय.

आता कामाचं. मला पहिले पैसे मिळाले ते एका गावच्या जैवविविधता नोंदवहीच्या कामात, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावातल्या झाडा-प्राण्यांच्या आणि त्यांच्या वापराच्या या नोंदवह्या होतात ना, त्यात. तिथे कुणी माझ्या धूसर बॅकग्राउंडकडे बघितलंही नाही, तारीख, जागा, पाच फोटो, स्थानिक नाव आणि गावातल्या आजी त्याचं काय करतात हे लिहिलेली माझी वही बघितली आणि काम दिलं. तुम्हाला यात पुढे जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

माझं स्वतःचं यंदाचं काम अजून बाकी आहे. पायवाटेच्या वळणावर एक काळा कुडा आहे, त्याची फुलं झाली टिपून, पण टोकं जुळलेल्या कोवळ्या शेंगेचा फोटो अजून माझ्याकडे नाही. पाऊस सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी तिथे चक्कर मारणार आहे.