जुन्या लॅपटॉपात एसएसडी टाकून लिनक्स मारताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला अन् तेव्हापासून आपल्याकडं कपाटातले जुने लॅपटॉप धडाधड बाहेर निघून राहिले. कोणाचा पोरीच्या डिप्लोमाच्या वेळचा, कोणाचा सेतू केंद्रावरून उतरवलेला, कोणी नागपूरला सीताबर्डीतून सेकंडहँड आणलेला. तक्रार सगळ्यांची एकच, बटन दाबा अन् तोपर्यंत आंघोळ करून या. मग घरातला एखादा पोट्टा सांगते, हार्डडिस्क काढा, एसएसडी टाका, लिनक्स मारा. म्हणजे फिरणाऱ्या डिस्कच्या जागी चिपवाली वेगवान डिस्क, अन् विंडोजच्या जागी लिनक्स नावाची फुकट सिस्टिम. सल्ला सोळा आणे खरा आहे. बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे (आरपीएम) मारणारी ती जुनी डिस्कच सगळं अडवून बसलेली असते, प्रोसेसर बिचारा नुसता वाट पाहत राहते.

पण करताना लोकं क्रम उलटा करते. आधी पेचकस, मग खरेदी, मग डाऊनलोड, अन् सगळ्यात शेवटी डेटाची आठवण. मग कुठंतरी अडकलं की लिनक्सच्या नावानं बोंब. लॅपटॉप खोलायच्या आधी, एक रुपया खर्च करायच्या आधी, जुनी डिस्क आतच असताना पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पहा (पेनड्राइव्ह कसा बनवायचा ते खाली आहे). डिस्कला हात न लावता चालते ते. वायफाय दिसते का, आवाज येते का, कीबोर्डचं एकूण एक बटन चालते का, झाकण बंद करून उघडलं तर मशीन जागी होते का, सगळं तिथंच कळते. अन् त्याच लाइव्हमध्ये डिस्क्स नावाचं अॅप असते, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, उघडून जुन्या डिस्कचे रिअॅलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बदललेले भाग) अन् पेंडिंग सेक्टर (खराब असल्याचा संशय असलेले भाग) पाहून घ्या. आकडा शून्याच्या वर गेला अन् रोज वाढून राहिला तर डिस्क जायच्या मार्गावर आहे, तिचा डेटा आजच काढा, पोळ्यानंतर पाहू म्हणू नका.

डाऊनलोड अन् पेनड्राइव्हचे कुटाने

लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार, त्याची फाइल पावणेतीन-तीन जीबीच्या घरात असते अन् आपला रोजचा पॅक असते दीड जीबीचा. अर्ध्यात नेट संपते, ब्राउजर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करते, नाहीतर तुटकी फाइल पूर्ण म्हणून दाखवते. यावर सोपा उपाय टोरंट. मिंटच्या साइटवरच अधिकृत टोरंट असते, ते जिथं थांबलं तिथून पुढं चालू होते अन् प्रत्येक तुकडा स्वतः तपासून घेते. सरळ डाऊनलोड केली असेल तर साइटवर दिलेला शा-२५६ चा आकडा (फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा) जुळवून पहा, नाहीतर इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर जाऊन एरर मारते अन् माणूस नव्या एसएसडीवर संशय घेत बसते.

दुसरी चूक तर रोजची आहे, डाऊनलोड केलेली ती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करायची. तशी ती बूट होत नाही बाप्पा, म्हणजे मशीन तिच्यावरून सुरूच होत नाही. रुफस किंवा बलेना एचर नावाच्या सॉफ्टवेअरनं लिहावी लागते. फक्त व्हेंटॉय नावाचं सॉफ्टवेअर टाकलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट चालते, कारण तिथं बूट करायचं काम व्हेंटॉय करते. पेनड्राइव्ह आधी रिकामा करून घ्या, त्यातले लग्नाचे फोटो रुफस विचारून पुसते पण पुसतेच.

कोणतं लिनक्स घ्यायचं यावर लोकं रात्र रात्र भांडते, मी त्यात पडत नाही. २ ते ४ जीबी रॅम असेल तर मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे हलकं रूप, घ्या, २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का तेवढं पहा, मिंट २० पासून ३२ बिट बंद आहे. जुन्या अॅटम प्रोसेसरवाल्या छोट्या नेटबुकसाठी डेबियन नावाच्या दुसऱ्या लिनक्सची १२ वी आवृत्ती चालते, पण डेबियन १३ नं ३२ बिटचा इन्स्टॉलर काढून टाकला, त्यामुळं तसं मशीन असेल तर एसएसडीवर पैसे घालायच्या आधी दोनदा विचार करा.

डेटा

ब्राउजरमधले पासवर्ड, डाऊनलोडमधले सातबारे, पासबुकचे स्कॅन, डेस्कटॉपवर "नवीन फोल्डर ३" मध्ये पडलेलं सगळं, हे आधी बाहेर काढा. "जुनी डिस्क तर हातातच राहणार, नंतर काढू" असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण काही लॅपटॉपात विंडोजनं डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट केलेली असते, बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली की बिटलॉकरची (विंडोजच्या कुलपाची) रिकव्हरी की मागते, अन् ती की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. अजून एक, विंडोज शटडाऊन करताना शिफ्ट दाबून ठेवा. नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळं ते अर्धवट झोपलेलं राहते अन् लिनक्समधून ती डिस्क फक्त वाचायला उघडते नाहीतर उघडतच नाही.

खरेदी

जुन्या लॅपटॉपला बहुतेक अडीच इंची, साटा कनेक्टरची एसएसडी लागते. स्वस्त दिसली म्हणून एम.२ ची एनव्हीएमई पट्टी मागवतात अन् मग लावायला जागाच नसते. अगदीच पुरातन मशीन असेल तर साटा नसून पिनांची आयडीई डिस्क असते, म्हणून आधी मॉडेल नंबर टाकून पाहून घ्या. जाडीही पहा, जुनी डिस्क ९.५ मिमी असते अन् एसएसडी ७ मिमी, खाचेत ढिली बसली तर प्लास्टिकची चौकट लावून घ्या, कागदाच्या घड्या कोंबू नका, तापते तिथं. मशीन साटा-२ चं, म्हणजे जुन्या मंद साटाचं असलं तर एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, तरी काही बिघडत नाही, हार्डडिस्कच्या मानानं जमीन-अस्मानाचा फरक पडतेच. २४० जीबी घरगुती कामाला भरपूर होते. अन् ऑनलाइन कोणी ३० टीबीची एसएसडी चिल्लर भावात देत असेल तर तो तुम्हाले बनवून राहिला.

सोबत रॅमही वाढवायची असेल तर डीडीआर३ अन् डीडीआर३एल या रॅमच्या दोन प्रकारात फरक आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची एलवालीच लागते, दुसरी टाकली तर स्क्रीन काळी.

आता पेचकस

चार्जर काढा, बॅटरी काढा, बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्याबरोबर पहिले तिचा कनेक्टर काढा, अन् पॉवर बटन थोडा वेळ दाबून ठेवा. हात लोखंडी कपाटाला लावून घ्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असते, लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला तर वरून टचपॅडजवळ उंचवटा येते, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी स्क्रू ठेवत जा. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली असते, एखादा डीव्हीडी ड्राइव्हच्या मागं लपलेला असते. कीबोर्डची पट्टी ज्या कनेक्टरमध्ये असते त्याची खिटी नखानं उचलायची असते, पट्टी ओढायची नसते. ती खिटी तुटली की काम तालुक्याला जाते.

डिस्क वर उचलायची नाही, आधी कनेक्टरपासून आडवी सरकवायची. तिच्या अंगावरची पत्र्याची चौकट चार स्क्रूंवर असते, ती काढून जशीच्या तशी एसएसडीवर लावा. काही मॉडेलात कनेक्टर एका पातळ रिबन केबलवर असते, अन् इतके वर्ष तापून ती केबल कडक झालेली असते. एसएसडी बसवल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसतच नसेल तर एसएसडी परत पाठवायच्या आधी ही केबल पुन्हा दाबून बसवा, जुनी डिस्क लावून पहा. तीही दिसत नसेल तर दोष केबलचा.

खोललंच आहे तर फॅन पहा. जिनिंगच्या आसपासच्या गावातले लॅपटॉप मी पाहिले आहेत, फॅन अन् जाळीच्या मधात गोधडीतल्या कापसासारखा थर बसलेला असते, वरून फुंकर मारली तर निघत नाही, फॅन बाजूला काढून चिमट्यानं ओढून काढावा लागते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा हा थर ठेवून कितीही चांगली एसएसडी टाका, मशीन गरम होऊन बंदच पडणार. सोबत थर्मल पेस्टही नवीन लावा, वाळून माती झालेली असते.

पेनड्राइव्ह बूट मेनूत दोनदा दिसते

इथं सगळ्यात जास्त लोकं अडकते म्हणून जरा थांबून सांगतो. लेनोवो, डेल, एसरमध्ये एफ१२, एचपीमध्ये एस्केप अन् मग एफ९ दाबलं की बूट मेनू येते. एसरमध्ये तो बायोसातून आधी चालू करावा लागते. या मेनूत एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोन ओळीत दिसते, एक यूईएफआय लिहिलेली अन् एक नुसती. यूईएफआय ही बूट करायची नवी पद्धत, नुसती म्हणजे जुनी, लेगसी. ज्या ओळीनं बूट कराल त्याच पद्धतीनं लिनक्स बसते. यूईएफआयनं बसवलं अन् बायोस लेगसीवर असलं तर रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर "नो बूटेबल डिव्हाइस" येते, अन् लोकं म्हणते इन्स्टॉलच झालं नाही. झालेलं असते, दार चुकलेलं असते. बायोसात जाऊन पद्धत जुळवा.

काही जुने एचपी त्याहून हट्टी असते, यूईएफआयमध्ये विंडोजच्या नावाची बूट फाइल सोडून दुसरं काही ओळखतच नाही. तिथं सरळ लेगसी मोड करून पुन्हा इन्स्टॉल करणं सगळ्यात कमी डोकेदुखीचं. एसरच्या काही मॉडेलात बायोसला सुपरवायझर पासवर्ड टाकल्याशिवाय बूट फाइल ट्रस्टेड करायचा पर्याय उघडत नाही. पासवर्ड टाका, फाइल निवडा, अन् तो पासवर्ड लिहून ठेवा, विसरले तर मोठा घोळ होते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, पण बायोसला दिसते, तर बायोसातला साटा मोड रेड किंवा आरएसटीवर असेल, तो एएचसीआय करा. अन् स्क्रीन काळी राहिली तर मिंटच्या पहिल्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड असते, त्यानं सुरू करा.

इन्स्टॉल करताना जुनी डिस्क यूएसबीनं लावलेली ठेवू नका, हे वाक्य दोनदा वाचा. "इरेज डिस्क" वर टिचकी मारताना दोन डिस्क असल्या की चुकीची पुसली जाते, किंवा लिनक्स एसएसडीवर अन् बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा भाग) दुसरीकडं जाते, मग ती काढली की मशीन उठत नाही. फक्त एसएसडी अन् पेनड्राइव्ह, बाकी सगळं बाजूला.

लाइन गेली तर? बॅटरी मेलेली असेल अन् गावठाण फिडर मध्येच बसला तर घाबरायचं कारण नाही, नवीन डिस्कवर तसंही काही नव्हतं, पहिल्यापासून सुरू करा. बायोस अपडेट मात्र अशा मशीनवर करूच नका, तिथं मध्येच लाइन गेली तर मदरबोर्डच बसते.

चालू झाल्यावरचे रोग

साइट उघडत नाही, अपडेट होत नाही, सर्टिफिकेटची एरर येते, तर पहिले तारीख पहा. बायोसची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की मशीन २०१० सालात जाऊन बसते. हे नाणं गावातल्या घड्याळवाल्याकडंही मिळते, पण काही लॅपटॉपात ते वायर लावलेलं असते, तसंच आणा. विंडोज अन् लिनक्स दोन्ही ठेवलं असेल अन् घड्याळ बरोबर साडेपाच तास इकडंतिकडं होत असेल तर ती बॅटरी नाही, दोघांची वेळ ठेवायची पद्धत वेगळी आहे, लिनक्सला लोकल टाइम ठेवायला सांगितलं की जुळते.

वायफाय नसेल तर ब्रॉडकॉमचं कार्ड असायची शक्यता जास्त. मोबाइल केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, त्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजर उघडा अन् ड्रायव्हर टाका.

मराठीचं एक दुखणं राहिलंच. युनिकोड मराठी लिनक्सात मस्त चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. पण ग्रामपंचायतीतले, पतसंस्थेतले जुने अर्ज कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असते, ते लिब्रेऑफिसात उघडले की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसते. फाइल खराब झालेली नाही, फाँट नाही. जुन्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ती फाइल आधीच घेऊन ठेवा.

अन् ज्याचं पोट अंगठ्याच्या मशीनवर, डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) डोंगलवर किंवा टॅलीवर चालते त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स मारायचा उत्साह कृपा करून दाखवू नका. डोंगल किंवा मशीनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते आधी पहा, बरेचदा नसते. टॅली विंडोजचंच आहे. कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर टाकावा लागते, एचपी १०२० ला वेगळा प्लगइन. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला बाहेर रांग लागलेली असताना प्रिंटर जुळवत बसायची पाळी येऊ नये. अशा माणसाले एसएसडी टाकून द्या, सिस्टिम त्याची तीच राहू द्या.

राहिली जुनी डिस्क. स्मार्ट डेटा साफ असेल तर यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपला ठेवा. कटकट आवाज करत असेल तर तिच्यावर नवीन काही टाकू नका. भंगारवाल्याला द्यायची असेल तर आधी डिस्क्समधून फॉरमॅट करताना शून्यानं पुसायचा पर्याय निवडा, काही तास लागते, पण त्यावर आधार अन् पासबुकं आहेत अख्ख्या घराची. चालतच नसेल तर हातोडा.