या चुका टाळा : कोकणात लोकप्रशासन आणि धोरणावर संशोधन करताना

लोकप्रशासनाच्या संशोधनात सध्या काही शब्दांची चलती आहे : डिजिटल प्रशासन, प्रशासकीय ओझं, वर्तनाधारित धोरण, हवामान अनुकूलन, लोकसहभाग, कृत्रिम बुद्धिमत्ता. या शब्दांमागचे प्रश्न खरे आहेत. पण ते घेऊन पालघर ते दोडामार्ग या पट्ट्यात उतरलेले बरेच प्रबंध एकाच जागी अडखळतात. हातातला आकडा कोणी, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी नोंदवला, हे पाहिलेलं नसतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

शब्द आधी, प्रश्न मागाहून

‘रत्नागिरी जिल्ह्यातील ई-गव्हर्नन्स : एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी दिसायला हव्यात : कोणाचा अनुभव, कोणता निर्णय किंवा सेवा, कोणता काळ आणि तुलना कशाशी.

प्रशासकीय ओझं ही संकल्पनाच घ्या. तिच्यात तीन प्रकारचा भार मोजतात : योजना समजून घेण्याचा, कागदपत्रं आणि फेऱ्यांचा, आणि त्यातून येणाऱ्या मनस्तापाचा. कोकणात यातला दुसरा भार सामायिक सातबाऱ्यावर येऊन बसतो. एका उताऱ्यावर तीसचाळीस नावं, निम्मे हिस्सेदार मुंबई-डोंबिवलीला, काही वारलेले आणि त्यांची वारस नोंद झालेली नाही. पिकाच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला सगळ्यांचं संमतीपत्र लागलं की खरी दगदग तिथे होते. मग प्रश्न असा बांधता येतो : सामायिक सातबाऱ्यावरच्या बागायतदाराला सह्या गोळा करायला लागल्यापासून रक्कम खात्यात येईपर्यंत किती दिवस, किती फेऱ्या आणि किती रुपये लागले, आणि एकट्याच्या नावावर सातबारा असलेल्याला किती?

हे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलच्या नोंदींतून कधीच कळणार नाही. पोर्टलचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. त्याआधी सह्यांसाठी गेलेले तीन महिने तिथे नाहीत, आणि कंटाळून ज्यांनी अर्जच केला नाही ते तर अजिबात नाहीत. ‘९० टक्के अर्ज मुदतीत निकाली’ यासारखं वाक्य प्रबंधात उतरवण्यापूर्वी गावात जाऊन अर्ज न केलेल्यांची यादी करा.

जिल्ह्याचं नाव तेच, हद्द वेगळी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीच्या रत्नागिरीच्या आकड्यांत आजचा सिंधुदुर्ग धरलेला आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेतलं ‘ठाणे’ म्हणजे आजचे दोन जिल्हे. तालुकेही फुटले, दोडामार्ग पूर्वी सावंतवाडीत होता. चाळीस वर्षांचा कल दाखवणारा आलेख या जोडांवर खोटी घसरण किंवा खोटी उडी दाखवतो. उपाय कंटाळवाणा असला तरी सोपा आहे : आजच्या हद्दीतल्या गावांची यादी करा आणि मागचे आकडे गावनिहाय जोडत वर या.

दुसरी नेहमीची चूक स्त्री-पुरुष प्रमाणाची. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. यावरून ‘स्त्रियांचा दर्जा उंचावला’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध आहेत. ० ते ६ वयोगटाचं प्रमाण बघितलं तर ते दोन्हीकडे हजाराच्या खाली येतं. वरचा आकडा कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे. जिल्ह्याचा आकडा वापरण्याआधी तो वयोगटांत फोडून पाहा.

पंचांग न बघता केलेलं सर्वेक्षण

कोकणात तुम्ही कोणत्या गावात गेलात याइतकंच कोणत्या महिन्यात गेलात यावर उत्तर ठरतं. गणपतीत घरं उघडी आणि माणसांनी भरलेली. पंधरवड्याने त्यातली कितीतरी कुलूपबंद. शिमगा आणि मे महिन्यात पुन्हा चाकरमानी गावी. फेब्रुवारीत गेलात तर आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार भेटतील, पण रायगडातल्या कातकरी वाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतील. लावणीच्या दिवसांत भरदुपारी प्रश्नावली घेऊन गेलं तर वाडीत म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं तेवढी सापडतात. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या काळात मच्छीमार घरी भेटतो खरा, पण ‘गेल्या महिन्याचं उत्पन्न’ विचारलं तर शून्य सांगतो आणि ते त्याचं खरंच उत्तर असतं.

पाण्याच्या बाबतीत ही चूक सगळ्यात महागात पडते. जलजीवन मिशनचा निकष आहे माणशी रोज ५५ लिटर. नोव्हेंबरात विचारलंत तर नळाला पाणी आहे. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पडलेला पाऊस दिवाळीनंतर झपाट्याने ओसरतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच वाडीत टँकर येतो. म्हणून ‘नळजोडणी आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. निदान दोनदा मोजा, एकदा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि एकदा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याच घरांत जा आणि हे विचारा : काल पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, किती हंडे भरले. हंड्याचं माप एकदा स्वतः मोजून घ्या. घरोघरी ते वेगळं असतं.

सूत्रात बसवलेला नमुना

‘लोकसंख्या इतकी, म्हणून सूत्रानुसार नमुना ३८५’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात आढळतं. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून येणारा हा आकडा घरं संपूर्ण जिल्ह्यातून यादृच्छिक निवडली असतील तरच चालतो. प्रत्यक्षात आपण वीस गावं निवडतो आणि प्रत्येक गावातून वीस घरं घेतो. एका वाडीतली घरं एकमेकांसारखी असतात, कारण वाडी बहुधा एका भावकीची किंवा एका समाजाची असते. तेव्हा चारशे घरांतून चारशे घरांइतकी माहिती मिळतच नाही.

किती फरक पडतो ते पाहा. एका गटातली घरं २० आणि त्यांच्यातलं साम्य ०.०५ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी घरं सारखी), तर ३८५ ला ज्याने गुणायचं तो गुणक येतो १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५, लागणारा नमुना सुमारे ७५०. साम्य ०.१ असेल तर गुणक २.९ आणि नमुना १,१०० च्या वर. एवढी ताकद नसेल तर गावं वाढवा आणि प्रत्येक गावातली घरं कमी करा. दहा घरांवर आणि ०.०५ साम्यावर गुणक १.४५ होतो, नमुना ५६० च्या आसपास पुरतो. फिरणं वाढतं, पण एकाच वाडीत वीस वेळा तेच उत्तर लिहिण्यात अर्थ नाही.

गावाच्या आत वाडीनिहाय वाटणी करायलाच हवी. ग्रामपंचायतीजवळची वाडी तेवढी घेतली तर मानकऱ्यांचं मत गावाचं म्हणून छापलं जातं. सड्यावरची बौद्धवाडी, कातकरी वाडी, खाडीकाठचा कोळीवाडा गळतो. आणि कुलूप दिसलं की शेजारचं उघडं घर घ्यायचं, ही सवय सोडा. बंद घर हीसुद्धा माहिती आहे. किती घरांना भेट दिली, किती बंद, किती जणांनी नकार दिला, किती पूर्ण झाली, हा तक्ता प्रबंधात छापा. ज्या पाहणीत बंद घरांचा रकाना नाही, तिच्या टक्केवारीवर विश्वास ठेवणं कठीण आहे.

आधी आणि नंतर, एवढ्यावर कारण ठरवणं

चक्रीवादळांनंतरच्या मदतीवर आता बरंच संशोधन होतंय, आणि ते व्हायलाच हवं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. मुरूड, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नेहमीचा आराखडा असा असतो : २०१९ आणि २०२१ ची तुलना, शिवाय वादळ न लागलेला सिंधुदुर्ग तुलनेला. यात तीन भोकं आहेत.

पहिलं, २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले होते, म्हणून घरखर्च, मनुष्यबळ, कर्ज सगळंच बदललेलं होतं. दुसरं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा किनारा झोडपला, म्हणजे तुलनेचा गटच बिघडला. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली सापडलं. बाजारपेठा आणि सरकारी यंत्रणा दोन्हींवर त्याचा ताण आला. तिसरं भोक पिकाचं. सुपारीचं नवं झाड धरायला साधारण पाच-सहा वर्षं घेतं. दोन वर्षांनी ‘उत्पन्न सावरलं का’ विचारून मदतीचा परिणाम मोजता येत नाही; फार तर पुनर्लागवड झाली का, एवढंच मोजता येतं.

तुलना करायचीच तर त्याच तालुक्यात करा : वाऱ्याच्या वाटेतली गावं आणि डोंगराआड राहिलेली गावं, किंवा भरपाई लवकर मिळालेले आणि उशिरा मिळालेले बागायतदार. उशीर कशामुळे झाला हे मात्र तपासा. सामायिक सातबाऱ्यामुळे उशीर झाला असेल तर तो गट मुळातच वेगळा आहे.

भरपाईचा दर हेक्टरी असेल तर इथे त्याचा हिशेबही मांडा. हेक्टरी ५० हजार रुपये धरले तर दहा गुंठ्यांच्या वाडीला जेमतेम ५ हजार येतात, आणि त्या वाडीत नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकावर एक असतात. सरासरी भरपाईचा जिल्हानिहाय तक्ता हे लपवतो. गुंठ्यांचे गट पाडून तो पुन्हा करा.

शासन निर्णय म्हणजे अंमलबजावणी नव्हे

शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना, शुद्धिपत्रक यांचं कायदेशीर वजन सारखं नसतं, तरी ते सरसकट ‘जीआर’ म्हणून उद्धृत होतात. प्रत्येकाची तारीख आणि सांकेतांक लिहा, आणि पुढे शुद्धिपत्रक निघालं का ते शोधा. किनारपट्टी नियमनात ही चूक हमखास होते. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना आहेत. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले : २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, इतरत्र २०० मीटर ना-विकास क्षेत्र. बांधकामाची परवानगी कोणत्या वर्षी मागितली, हे न बघता सगळ्या परवानग्यांना एकच नियम लावला की प्रबंधातलं ते पूर्ण प्रकरण कोसळतं.

पैशाचंही तसंच. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे रकाने आहेत. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात मिळतो. पहिल्या रकान्याला ‘खर्च’ म्हणू नका. जिल्हा परिषदेकडे वर्ग झालेला निधी मार्चअखेर खर्ची दिसतो, काम मात्र पुढच्या हंगामात होतं. मोजमाप पुस्तिकेतली तारीख बघितल्याशिवाय काम झालं असं लिहू नका.

मुलाखती आणि हजेरीपत्रक

‘योजनेची अंमलबजावणी कशी चालली आहे?’ असं विचारलं की अधिकारी परिपत्रकाची भाषा बोलतात. त्याऐवजी शेवटची निकाली निघालेली एक फाईल धरा आणि आवक नोंद, टिपणी, त्रुटीपत्र, मंजुरी अशा तारखा एकेक विचारत जा. किती दिवस कोणत्या टेबलावर गेले ते आपोआप दिसतं. जुन्या कागदांत तलाठी आणि ग्रामसेवक, नव्यांत ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी असा उल्लेख येईल. शोध दोन्ही नावांनी घ्या.

लोकसहभाग मोजायला ग्रामसभेचं हजेरीपत्रक पुरत नाही. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल ती, आणि तहकूब सभेला तीही लागत नाही. शिवाय गावचे मोठे निर्णय अनेकदा ग्रामस्थ मंडळाच्या आणि मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या बैठकीत आधीच झालेले असतात. म्हणून ठरावाची तारीख आणि त्या विषयावर गावात पहिली बैठक कधी, कुठे झाली, या दोन्ही गोष्टी नोंदवा. प्रश्नावलीत ‘आपण सहभागी होता का’ नको. ‘मागच्या ग्रामसभेत गेलात का, बोललात का, काय बोललात’ असं विचारा. मालवणी, आगरी, वारली बोलणाऱ्या पंधरा-वीस जणांवर आधी चाचणी घ्या.

जैतापूर, बारसूसारख्या प्रकल्पांच्या परिसरात हातात टॅबलेट घेतलेला माणूस सर्व्हेवाला वाटतो, आणि तसं वाटायला सबळ कारण आहे. आधी ग्रामपंचायतीला महाविद्यालयाचं पत्र द्या आणि सरकारी किंवा कंपनीच्या गाडीतून जाऊ नका. नावं बदलूनही ओळख लपत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘दापोली किनाऱ्यावरच्या गावातली महिला सरपंच’ एवढ्यावर गाव तिला ओळखतं. तालुका किंवा पद यांपैकी एक गाळा.

माहिती अडली तर

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयावर आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्या’ असं लिहिलं की नकार ठरलेला. नोंदवहीचं नाव, वर्ष आणि पृष्ठं मागा. उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील दाखल करायला ३० दिवस, दुसरं दाखल करायला ९० दिवस. म्हणून अर्ज प्रबंधाच्या पहिल्या सहामाहीतच टाका.

प्रकाशनाबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ‘केअर-सूचीबद्ध’ म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकापासून दूर राहा. २०२२ च्या पीएचडी नियमांत शोधनिबंधाची देशव्यापी सक्ती नाही, पण तुमच्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते. संगणकाने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून वाचा. नसलेले लेख छापले जात आहेत.

सर्वेक्षण झालं आणि चूक आता कळली

सगळं फेकून देऊ नका. नोव्हेंबरचं पाणी मोजलं असेल तर निष्कर्षात ‘पावसाळ्यानंतरच्या काळात’ हे शब्द घाला आणि त्याच घरांतली चाळीस-पन्नास निवडून मे महिन्यात पुन्हा जा. बंद घरांची नोंद ठेवली नसेल तर मतदार यादी घेऊन पोलीस पाटलांबरोबर वाडीनिहाय बसा; कोणतं घर केव्हा उघडतं हे अर्ध्या दिवसात लिहून होतं. गणपतीत त्या घरांपैकी तीसेक घरांना तीच प्रश्नावली द्या आणि दोन्ही गटांची उत्तरं वेगळ्या रकान्यांत छापा, सरासरीत मिसळू नका. एकाच वाडीचा नमुना झाला असेल तर शीर्षकात जिल्ह्याऐवजी त्या वाडीच्या समाजाचं आणि व्यवसायाचं वर्णन लिहा.