बोटीवरची खूनकथा लिहिताय? या चुका टाळा

आमच्या बेळगाव भागात कथा लिहिणाऱ्यांचा तोटा नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कुठं ना कुठं कथास्पर्धा असतेच, आणि आलेल्या कथा वाचून नंबर काढायचं काम वयाचा मान म्हणून माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतं. अलीकडं या गठ्ठ्यात एक ठरलेला नमुना दिसायला लागलाय. साल १९३०च्या आसपासचं, मुंबईहून विलायतेला निघालेली बोट, पहिल्या वर्गातला एक श्रीमंत माणूस मरतो, एखादी शांत म्हातारी नाहीतर पेन्शनर मास्तर खुनी हुडकून काढतो, रक्त फारसं सांडत नाही आणि शेवटी सगळे डायनिंग सलूनमध्ये गोळा होतात. हा प्रकार मला मनापासून आवडतो. त्यामुळंच त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा वाचून डोकं फिरतं.

घड्याळ मागं करायचं विसरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोट पश्चिमेकडं चाललेली असते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं आहे. मुंबई ७३ अंशांच्या जवळ, पण आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंशांची; एडन ४५ अंशांवर. म्हणजे बोटीवरची घड्याळं रात्री थोडी थोडी मागं करत न्यावी लागतात, आणि चार-पाच दिवसांनी एडन येईपर्यंत बोटीची वेळ आपल्या प्रमाण वेळेच्या अडीच तास मागं पडलेली असते. खूनकथेचा सगळा डोलारा 'त्या वेळी तुम्ही कुठं होता?' या एका प्रश्नावर उभा असतो. आणि आमचे लेखक मुंबईपासून लंडनपर्यंत एकच घड्याळ चालवतात.

उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला असलेला एक पोरगा माझ्याकडं कथा घेऊन आला होता. लिहिणारा बरा. कथेत एक हिऱ्यांचा व्यापारी मुंबई सोडल्यानंतरच्या तिसऱ्या रात्री केबिनमध्ये मेलेला सापडतो. झटापटीत मनगटावरचं घड्याळ फुटून ११ वाजून ४० मिनिटांवर थांबलेलं. बोटीवरचा डॉक्टर साडेदहापासून बारापर्यंत स्मोकिंग रूममध्ये ब्रिज खेळत होता, टेबलावरचे तिघं साक्षीला. सबब डॉक्टर सुटला, पुतण्या अडकला. इथवर ठीक. पण चौथ्या पानावर याच व्यापाऱ्याच्या तोंडी एक झकास वाक्य होतं: "मी घड्याळाला हात लावत नाही. घरी मंडळी पानावर बसली की मलाही भूक लागते."

मी म्हटलं, अरे बाबा, म्हणजे ह्याचं घड्याळ मुंबईच्या वेळेवर आहे. रोज रात्री अर्धा तास मागं धर. तिसऱ्या रात्री ह्याच्या घड्याळात ११:४० झाले तेव्हा बोटीवर १०:१० वाजलेत. तुझा डॉक्टर साडेदहाला येऊन बसलाय. तो मोकळाच होता की! तू सोडलेला माणूसच खुनी निघतोय.

तो गप्प. मला आणखी चेव चढला. मुंबईची वेळ म्हणजे तरी कुठली? प्रमाण वेळ १९०६ला लागू झाली आणि रेल्वेनं ती घेतली. मुंबई महापालिका मात्र पुढं कित्येक वर्षं जुन्या 'बॉम्बे टाइम'ला धरून होती, प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागं. व्यापाऱ्यानं निघताना रेल्वे स्टेशनातल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं असेल तर खून बोटीच्या १०:१०ला झाला, डॉक्टर फासावर. महापालिकेच्या घड्याळाशी जुळवलं असेल तर १०:४९ला, तेव्हा डॉक्टरच्या हातात पत्ते होते, तो निर्दोष. ३९ मिनिटांवर एका माणसाचा जीव! असला मसाला मला फुकट मिळाला असता तर मी चार रात्री जागून कथा पुन्हा लिहिली असती.

पोरगा म्हणाला, "कोण बघूलालंय सर तेवढं? चौथ्या पानावरचं ते वाक्यच काढतो." आणि काढलंही. अख्ख्या कथेतलं तेवढं एकच वाक्य जिवंत होतं. पुढं तिला कुठंतरी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पेढे घेऊन आला होता. खाल्ले.

यावर माझी सवय सांगतो. पद्धत वगैरे म्हणण्याइतकी ती मोठी नाही. जुन्या खतावणीचं पान आडवं धरायचं आणि चार रकाने आखायचे: बोटीची वेळ, मेलेल्याचं घड्याळ, कोण कुठं होतं, आणि ते कोणी पाहिलं. चौथा रकाना रिकामा राहिला की ती जबानी खोटी धरायची. बोटीवर दर अर्ध्या तासाला घंटा होते, दर चार तासांनी पहारा बदलतो. या दोन गोष्टी पहिल्या रकान्यात आधीच लिहून ठेवल्या की साक्षीदारांना बोलायला काहीतरी आधार मिळतो. हे पेन्सिलीनं करावं. मोबाईलच्या तक्त्यात करणारे एक रकाना सरकवतात आणि खाली तीन माणसं नको तिथं जाऊन बसतात.

"रात्री डेकवर चिटपाखरू नव्हतं"

तांबड्या समुद्रात? अहो, तिथल्या उकाड्यात केबिनमध्ये झोपणं म्हणजे शिक्षा. गाद्या वर नेऊन लोक डेकवर झोपत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. शिवाय पहाऱ्यावरचे खलाशी, आणि पहाटे उजाडायच्या आत डेक धुवायला आलेली माणसं. मध्यरात्री एकट्यानं प्रेत ओढत कठड्यापर्यंत न्यायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे फक्त कथास्पर्धेत होतं.

यातच दुसरी मोठी चूक दडलेली आहे, ती म्हणजे बोटीवर काम करणारी माणसंच कथेत नसणं. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर स्टुअर्ड आणि स्वयंपाकी मोठ्या प्रमाणात गोव्याचे असत, आणि डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान भरपूर. त्यांच्यावर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, खाली बॉयलरपाशी आगवाले. मराठी लेखक या बोटीवर चढतो आणि त्याला दिसतात फक्त कर्नल, लेडी आणि बॅरिस्टर! चहा आपोआप येतो, बिछाना आपोआप आवरला जातो.

केबिन स्टुअर्डला काय काय माहीत असतं याचा विचार करा. कोणता बिछाना वापरलाच गेला नाही, कुणाच्या टॉवेलवर शाई आहे, रात्री पॉलिशसाठी दाराबाहेर ठेवलेल्या बुटांपैकी कुठल्या जोडाचे तळवे सकाळी ओले होते. हे सगळं त्याला कळतं आणि त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तरी साहेब इंग्रजीत विचारणार, तो "येस सर" म्हणून गप्प बसणार. इथं आपल्या भागातला लेखक उजवा ठरायला हवा. खानापूर-लोंढ्याकडच्या माणसाला कोकणी कळते. तुमचा गुप्तहेर नंदगडचा एखादा निवृत्त कारकून करा. तो पँट्रीच्या दाराशी उभा राहून दोन स्टुअर्ड आपसांत काय कुजबुजतात ते ऐकेल आणि कॅप्टनला जे आठ दिवसांत कळलं नाही ते त्याला चहा निवेपर्यंत कळेल. हे मी कितीजणांना सुचवलं. सगळ्यांना गुप्तहेर ऑक्सफर्डला शिकलेलाच हवा असतो.

फक्त त्या कारकुनाला पहिल्या वर्गात मोकाट फिरवू नका. वर्गावर्गांचे डेक वेगळे असत, जिने वेगळे, जेवणाच्या खोल्याही वेगळ्या. दुसऱ्या वर्गाचा माणूस वर गेला तर त्याला कुणीतरी अडवणारच, आणि कसा गेला हे तुम्हाला लिहावं लागेल. लिहा. कथेला रंग तिथंच चढतो.

ओळीत सांगण्यासारख्या

१९३१ साली बेळगावचा नायक गाडीत बसून थेट मुंबईला उतरत नाही. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज पुण्यापर्यंत, तिथं उतरून मोठ्या रुळांची गाडी धरायची.

त्याच वर्षी कुणाच्या तोंडी 'सीमाभाग' घालू नका. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. राज्यांची फेरमांडणी १९५६ची.

प्रत्येक बोटीत टायटॅनिकचा जिना बसवू नका. पोहण्याचा तलाव हवाच असेल तर १९२९ सालची 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' घ्या, तिच्यावर होता.

खुनी मध्यरात्री तळातल्या ट्रंकेतून पिस्तूल काढून आणू शकत नाही. 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' अशी चिठ्ठी लावलेलं सामान खाली गेलं की गेलं. पिस्तूल केबिनच्या बॅगेत ठेवा, आणि मग ते स्टुअर्डला कसं दिसलं नाही हेही सांगा.

बोटीवर डॉक्टर नव्हता, असं लिहू नका. १८९४च्या ब्रिटिश कायद्यानं परदेशी जाणाऱ्या बोटीवर शंभर किंवा जास्त माणसं असली की डॉक्टर ठेवणं बंधनकारक होतं.

बोटींची नावं आणि वार जुळवा. १५ ऑगस्ट १९३१ला डॉ. आंबेडकर 'मुलतान'नं निघाले, २९ ऑगस्टला गांधीजी 'राजपुताना'नं. पंचांग काढून बघा, दोन्ही शनिवार. तुमची बोट मंगळवारी का सुटते?

"जमिनीशी संपर्क तुटला होता"

१९३० सालच्या बोटीवर बिनतारी यंत्र असतं. नुसतं असतं म्हणून भागत नाही, ते वापरावं लागतं. १९१०च्या जुलैत डॉ. क्रिपेन बायकोच्या खुनाच्या संशयावरून 'माँट्रोज' बोटीनं कॅनडाला पळत होता, सोबतच्या बाईला मुलाचे कपडे घालून. कॅप्टन केंडॉलला संशय आला, त्यानं बिनतारी संदेश पाठवला. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ड्यू 'लॉरेंटिक' या जास्त वेगाच्या बोटीनं पुढं जाऊन उभा राहिला आणि ३१ जुलैला क्रिपेन पकडला गेला. बोटीवर क्रिपेनला यातलं काही ठाऊक नव्हतं. हे खरं घडलेलं. त्यानंतर वीस वर्षांनी तुमचा कॅप्टन हातावर हात ठेवून "आता बंदर येईपर्यंत काहीच करता येत नाही" म्हणतो, तेव्हा मी पान उलटतो.

यंत्र नकोसं वाटत असेल तर ते बिघडवू नका, तो पळपुटेपणा झाला. उलट बिनतारी ऑपरेटरला पात्र करा. त्याच्याकडं सगळ्यांच्या तारा येतात. कोण कुणाला काय कळवतंय हे स्टुअर्डखालोखाल त्यालाच माहीत.

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. ८ जुलै १९१०, 'मोरिया' बोट, सावरकर पोर्टहोलमधून निसटले. त्याच्या आधारावर खुनी पोर्टहोलमधून उडी मारून पळाला, अशी कथा दर वर्षी एक तरी येते. पण 'मोरिया' तेव्हा मार्सेलिसच्या बंदरात उभी होती, पोहून गाठायला किनारा समोर होता. तुमचा खुनी भर अरबी समुद्रात उडी मारून जातो कुठं?

घाई

आता थोडं कटू. दिवाळी अंकाची मुदत आठ दिवसांवर आली की काहीजण मोबाईलला सांगून बोट तयार करून घेतात. अशी कथा पहिल्या परिच्छेदात ओळखू येते. समुद्र 'निळाशार' असतो, झुंबरं 'लखलखत' असतात आणि एकाही माणसाला बोट लागत नाही. जुलै महिना, पावसाळी अरबी समुद्र, आणि सगळे सात पदार्थांचं जेवण जेवतायत! निम्मी बोट आडवी पडलेली असायला हवी. त्या रात्री डायनिंग सलूनमध्ये कोण कोण जेवायला हजर होतं, हाच पुरावा ठरू शकतो, पण त्यासाठी बसून विचार करावा लागतो.

मी कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी प्रवासीयादी तयार करतो. खऱ्या बोटींवरही छापील यादी प्रवाशांना मिळत असे. नाव, वर्ग, केबिन, कुठं चढला, कुठं उतरणार. नवशिक्यांना हे काम रटाळ वाटतं. त्यांना आधी खून करायचा असतो.

आणि त्या यादीतला शेवटचा रकाना नीट भरा. एडनला, सुएझला, पोर्ट सैदला बोट थांबते, विक्रेते होड्या घेऊन भोवती जमतात, लोक खाली उतरून बाजार करतात. तुमचा बंद वर्तुळातला खून तिथं तीनदा उघडा पडतो. विषाची बाटली तिथं विकतही घेता येते आणि टाकूनही देता येते. सगळ्यात मोठी फट मार्सेलिसला. गांधीजी २९ ऑगस्टला निघून ११ सप्टेंबरला तिथं उतरले आणि पुढं रेल्वेनं लंडनला गेले. ज्यांना वेळ वाचवायचा ते असंच करत. बोट जिब्राल्टरला वळसा घालून सुमारे आठवड्यानं पोचायची. तेव्हा तुमचा मास्तर बिस्केच्या उपसागरात सगळ्यांना सलूनमध्ये बोलावून खुन्याकडं बोट दाखवणार असेल, तर खुनी अजून बोटीवर आहे ना, एवढं यादीत बघून घ्या. गेल्या खेपेला पहिल्या नंबरासाठी आलेल्या कथेत तो चार दिवसांपूर्वीच लंडनला पोचला होता.