मुलांना फॅन्टसी पुस्तकं देताय? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मी पुस्तकांच्या दोन पेट्या उघडून बसते. पोरं येतात, पुस्तक बदलतात, रजिस्टरमध्ये नाव लिहितात आणि पळतात. आठ वर्षं झाली हे चालू होऊन आणि आठ वर्षांत आईबाबांकडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "अहो तो काहीही वाचतो, त्याचं वाचन खूप पुढे आहे". असेल की. पण वाचता येणं वेगळं आणि वाचलेलं झेपणं वेगळं, आणि फॅन्टसी-साहसाच्या पुस्तकांत नेमकी इथेच गल्लत होते. माझीही झालीय, सांगते पुढे.

भाषा सोपी, म्हणजे पुस्तक लहान मुलांचं

हंगर गेम्स बघा, २००८ चं पुस्तक. वाक्यं तुटक, इंग्रजी एकदम सोपं, इंग्लिश मीडियमचं पाचवीतलं पोर धडाधड वाचत जातं. आत काय आहे? चोवीस मुलंमुली एका रिंगणात सोडलेली, त्यातलं एकच जिवंत राहणार, बाकीच्यांनी एकमेकांना मारायचं आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. मी आठवीच्या आधी देत नाही, कुणी कितीही रुसलं तरी.

आता याच्या बरोब्बर उलटं, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. त्याची ती पाणबुडीची गोष्ट १८७० मधली, मध्येमध्ये पानंच्या पानं नुसती माशांची नावं, मोठ्या माणसाचाही डोळा लागेल. भाषेला जड, पण पोटात गोळा यावा असं फार थोडं, त्यामुळे कुणी वाचून दाखवणारं असेल तर तिसरी-चौथीतलं मूलही मजेत ऐकतं. (भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणलाय, जुन्या लायब्ररीत मिळाला तर सोडू नका.)

म्हणून मी आता प्रत्येक पुस्तकाला दोन इयत्ता लावते, एक वाचण्याची आणि एक झेपण्याची. दोन्ही सारख्या क्वचितच येतात.

पहिला भाग चाळून अख्खा सेट घेणं

ही माझी चूक. चौथीतला एक मुलगा, हॅरी पॉटरचे पहिले तीन भाग त्याने सुट्टीत फडशा पाडल्यासारखे संपवले, मी पण कौतुकाने चौथा हातात ठेवला. आठवड्याने रात्री अकराला त्याच्या आईचा मेसेज, ट्यूबलाइट बंद करू देत नाहीये. पुस्तक परत आलं तेव्हा आत खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट तसंच होतं, शेवटची साठ-सत्तर पानं राहिलेली. म्हणजे तो स्मशानाचा प्रसंग. ज्यांनी वाचलंय त्यांना कळलं असेल, ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा आहे आणि मूळ ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची. चौथा भाग ६३६ पानांचा, आणि त्यात सेड्रिक नावाचा शाळेतलाच एक चांगला मुलगा एका क्षणात मरतो, काही कारण नसताना, नुसता मध्ये आला म्हणून. लगेच पुढे एक माणूस स्वतःचा हात कापून उकळत्या कढईत टाकतो. आता गंमत अशी की हे सात भाग १९९७ ते २००७ अशा दहा वर्षांत आले, तेव्हाची पोरं पुस्तकांबरोबर मोठी होत गेली, मध्ये वाट बघायला वर्ष-दोन वर्षं मिळायची. आजच्या मुलाला वाढदिवसाला बॉक्स सेट मिळतो आणि दहा वर्षांचा प्रवास तो दोन महिन्यांत उरकतो, स्वतः मात्र दोन महिन्यांनीच मोठा झालेला असतो.

उपाय काय? वर्षाला एकच भाग द्या म्हणणं सोपं, पण बसमध्ये शेजारी बसणारा मित्र देतोच. मी एवढंच करते, पुढचा भाग द्यायच्या आधी त्याची शेवटची तीन प्रकरणं वाचते. सुरुवात वाचून काही कळत नाही, सुरुवातीला सगळीच पुस्तकं गोड असतात.

आणि मूल आधीच घाबरलं असेल तर पुस्तक हिसकावू नका, मग ते अर्धवट राहिलेलं स्मशान रोज रात्री डोक्यात चालू राहतं. या मुलाच्या आईने रविवारी दुपारी, लख्ख उजेडात, त्याच्याबरोबर बसून ते प्रकरण मोठ्याने वाचून संपवलं. आणि त्याचा प्रश्न खलनायक व्होल्डेमॉर्टबद्दल नव्हताच. सेड्रिकच्या आईबाबांना आता कोण सांगणार, एवढंच त्याला कळत नव्हतं.

"आम्ही नाही का चांदोबा वाचला?"

हा आजोबांचा हुकमी एक्का. बरोबर आहे, मराठी चांदोबा १९५२ पासूनचा, त्यात मुंडकी उडायची, विक्रम राजा मसणातून प्रेत खांद्यावर टाकून चालायचा आणि आपण जेवता जेवता वाचायचो. पण ते सगळं कुठल्यातरी आटपाट नगरात, कुठल्यातरी राजाचं. राक्षस मेला, गोष्ट संपली. ज्याच्याशी चारशे पानं दोस्ती झाली त्या शाळेतल्या मुलाचं मरण तसं नसतं. तेव्हा पुस्तकात किती जण मरतात हे मोजू नका, मरणारा वाचणाऱ्याच्या किती जवळचा आहे ते बघा. पर्सी जॅक्सनच्या पहिल्या पुस्तकात मारामारी ढीगभर आहे, पण राक्षस मेला की त्याची नुसती पिवळी धूळ होते, वर विनोद चालूच. पाचवीला बिनधास्त द्या. आणि ज्याला अक्षरं नाचताना दिसतात, एका जागी बसवत नाही अशा मुलाला तर आधी द्या, कारण त्यातल्या हिरोलाही डिस्लेक्सिया आणि एडीएचडी आहे. लेखकाने ही गोष्ट आपल्या मुलाला झोपताना सांगायला रचली होती.

क्रमाचा घोळ

टॉल्किनचं हॉबिट आवडलं म्हणून लगेच लॉर्ड ऑफ द रिंग्ज, हे फार होतं. जग तेच, लेखक तोच, पण हॉबिट १९३७ चं मुलांसाठीचं पुस्तक आणि दुसरं १९५४-५५ मध्ये मोठ्यांसाठी आलेलं, ज्याच्या प्रस्तावनेत बुटक्या हॉबिट लोकांच्या तंबाखूवर वेगळा भाग आहे! सहावीतलं पोर तिथेच गळतं आणि "मला फॅन्टसी आवडत नाही" म्हणून मोकळं होतं. मध्ये दोन-तीन वर्षं जाऊ द्या, आणि देताना प्रस्तावना सोडून पहिल्या प्रकरणापासून सुरू कर असं सांगा. सी. एस. लुईसच्या नार्निया या सात पुस्तकांच्या सेटवर १ नंबर असलेलं पुस्तक मुळात सहावं आलेलं, १९५५ मध्ये. सुरुवात कपाटातून बर्फात नेणाऱ्या, सिंहाच्या पुस्तकाने (द लायन, द विच अँड द वॉर्डरोब) करा, १९५० मध्ये लोकांनी तशीच केली होती.

मागच्या कव्हरवरचं वय

९-१२ वगैरे छापलेलं असतं ते मुख्यतः दुकानातल्या शेल्फसाठी. त्यापेक्षा हिरोचं वय बघा. मुलांना आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं मोठ्याबद्दल वाचायला आवडतं, म्हणजे हिरो बाराचा तर वाचणारा दहाचा. नायिका सोळाची असेल तर प्रेमबिम येणार हे धरून चाला, त्यात वाईट काही नाही, फक्त आठ वर्षांच्या पोराला ती पानं कंटाळवाणी होतात.

सिनेमा आधी दाखवणं

फास्टर फेणेचं असंच झालं. पुस्तकातला बनेश फेणे फुरसुंगीचा, शाळकरी, सायकलवर सुसाट, ट्टॉक करणारा. २०१७ च्या सिनेमात तो मोठा झालाय आणि मेडिकलच्या परीक्षेतला घोटाळा शोधतोय. सिनेमा चांगलाच आहे, पण तो बघून आलेलं मूल पुस्तकात तो मोठा माणूस शोधतं, आणि सिनेमा बघून आई म्हणते की हे सातवीनंतर. अहो, पुस्तक तिसरी-चौथीलाही चालतं! अडचण असेल तर भाषेची, ती जुन्या पुण्याची आहे. पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, दुसऱ्यापासून मुलंच पुस्तक ओढून घेतात.

एवढं करूनही माझा अंदाज चुकतोच, म्हणून गेल्या वर्षी रजिस्टरमध्ये शेऱ्याचा एक रकाना वाढवला, पुस्तक परत देताना पोरांनीच भरायचा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. "पान १०० पर्यंत बोअर मग भारी." "रात्री नको." एका जाड्या इंग्रजी साहसकथेला दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, मुखपृष्ठावर जखमी कुत्रा आहे म्हणून. मग एका पाचवीतल्या मुलीने नेलं आणि शेऱ्यात लिहिलं, "कुत्रा मरत नाही". सध्या त्या पुस्तकाला चार जणांचं वेटिंग आहे.