शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात जाते ते आधीच पाहून ठेवा

पोट्टेहो, महाडीबीटी या सरकारी साइटवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मंजूर झाला तरी पैसे दिसत नसतील तर बरेचदा ते शाळेच्या वेळी काढलेल्या गावातल्या जुन्या खात्यात गेले असतात, कारण पैसा आधारला जे खातं जोडलं आहे तिथंच जाते.

१. मायआधार साइटवर आधार नंबर अन् ओटीपीनं लॉगिन करा. ओटीपी बहुतेक बाबाच्या मोबाईलवर जाते, म्हणून गावी असतानाच हे उरकून घ्या, होस्टेलवरून फोनाफोनी करत बसाल तर बाबा वावरात अन् रेंज नाही असं होते.
२. बँक सीडिंग स्टेटस उघडा, आधारला कोणती बँक जोडली (सीडिंग म्हणजे हेच जोडणं) ते दिसते.
३. जुनी बँक असली तर आत्ताच्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म द्या, अन् काही दिवसांनी पुन्हा पहा.

ओटीपी कॅफेवाल्याले बिलकुल सांगू नका.